तेरला जाताय? मग नजर जमिनीवर ठेवा

धाराशिवच्या स्टँडवर कुणालाही विचारा, "तेरला बघायला काय आहे?" उत्तर ठरलेलं: "गोरोबाकाकांचं देऊळ." आणि वर पुरवणी, "अर्ध्या तासात होतंय बघून."

मी लातूरचा. पहिल्यांदा तेरला गेलो तेव्हा खरोखर अर्ध्या तासात उरकलं होतं. गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या, समाधीचं दर्शन घेतलं, एक चहा घेतला, आणि "एवढं नाव ऐकलं होतं, आहे काय इथं?" असं म्हणत परतलो. नंतर एका शाळामास्तरांबरोबर दुसऱ्यांदा गेलो, तर दिवस पुरला नाही. गाव तेच होतं. पहिल्या वेळी मी दगड शोधत होतो. नळदुर्ग, परांडा, औसा, वेरूळ पाहिलेल्या माणसाला इतिहास म्हणजे काळा पाषाण, बुरूज, तोफ असं वाटतं. तेरला यातलं फारसं काही नाही. तेरचं जे काही आहे ते मातीचं आहे: विटा, खापरं, मणी, बाहुल्या, मडकी. हे आधीच डोक्यात ठेवून गेलात तर तुमची पहिली खेप वाया जाणार नाही. पुढचं सगळं त्यासाठीच लिहिलंय.

निघण्याआधी: तेर म्हणजे नेमकं काय

घरून निघण्याच्या आदल्या रात्री एवढं वाचून ठेवा, बाकी तिथं कळत जातं.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराचं टिपण लिहिलं. 'पेरिप्लस' नावाने ते प्रसिद्ध आहे. त्यात भडोचपासून (गुजरातमधलं आजचं भरूच) दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर 'तगर' नावाचं फार मोठं नगर असल्याचं नोंदवलंय. तगरहून साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदरात जात असे. (दोन हजार वर्षांपूर्वीची ही रस्त्याची तक्रार वाचून आमच्याकडचा माणूस गालातल्या गालात हसतो.) टॉलेमी या प्राचीन ग्रीक भूगोलतज्ज्ञाच्या ग्रंथातही तगर आहे. पुढे शिलाहार राजे स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत. म्हणजे राज्य कोकणात, कोल्हापुरात, पण मूळ सांगायचं ते तगरचं.

हे तगर कुठलं, यावर एकोणिसाव्या शतकात बरेच वाद झाले. १९०१ साली शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी ते तेर असल्याचं मांडलं आणि त्यानंतर पुरातत्त्व खात्याचे हेन्री कझिन्स यांनी इथल्या देवळांची आणि टेकाडांची पाहणी केली. नावाचं गणित मराठी माणसाला पटकन पटेल असं आहे. 'नगर'मधला ग झिजून 'नेर' झाला, म्हणून संगमनेर, पारनेर, अमळनेर. तसाच 'तगर'चा 'तेर'. अंतरही जुळतं. पैठण ते तेर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास, आणि लादलेली बैलगाडी वळणावळणाने दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर जाते. काढा हिशेब.

आणखी दोन शब्द पाठ करून जा: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत. पांढरी म्हणजे गावठाण, जिथं पिढ्यान् पिढ्या माणसं राहिली, चुली पेटल्या, राख पडली, भिंती पडल्या, पुन्हा उठल्या. त्या राखामातीने जमीन फिकट होते. जुनं गाव उठून गेलं तरी पांढरीचं टेकाड मागे राहतं. तेरच्या अवतीभवती अशी टेकाडं आहेत आणि खरं तगर त्यांच्या पोटात आहे.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. यात दुसरं मत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि तेर हे चालत, वाकून बघायचं गाव आहे. जूननंतर काळ्या मातीचा चिखल बुटाला असा धरतो की दहा पावलांवर प्रत्येक पाय दोन किलोचा होतो. हौस असेल तर जा, पण टेकाडांकडे फिरकू नका.

याला एक अपवाद. गोरोबाकाकांची यात्रा चैत्र वद्य एकादशीच्या सुमारास भरते, त्रयोदशीला पुण्यतिथी. ऊन मी म्हणत असतं, पण दिंड्या येतात, नदीकाठ माणसांनी फुलतो. तुम्हाला माणसं बघायची असतील तर तेव्हा जा. इतिहास बघायचा असेल तर ते चार दिवस टाळा, कारण गर्दीत देवळाची वीट दिसत नाही.

आता बाहेरच्या माणसाला कुणी सांगत नाही अशी गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत मार्गशीर्ष अमावस्येला लातूर-धाराशिवकडे येळवस असते, पुस्तकी भाषेत वेळ अमावस्या. त्या दिवशी अख्खी गावं शेतात जातात. कडब्याची खोप करून पूजा, आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. बाजारपेठा ओस पडतात. हॉटेल बंद, दुकान बंद, रिक्षा मिळत नाही. पुण्याहून आलेले माझे एक पाहुणे नेमके त्याच दिवशी तेरला उतरले आणि बिस्किटांवर राहिले. कॅलेंडर बघून ती तारीख टाळा. मात्र इकडचं कुणी ओळखीचं असेल आणि "येळवशीला या" म्हणालं, तर तेर राहू द्या, आधी शेतात जा.

वार सोमवार नको. सरकारी वस्तुसंग्रहालयं सहसा सोमवारी बंद असतात, आणि संग्रहालय चुकलं तर तेर चुकलं. सणाच्या सुट्टीच्या आसपास जाणार असाल तर धाराशिवमध्ये कुणाकडून तरी चौकशी करून मगच निघा.

पोहोचायचं कसं

धाराशिव (२०२३ पर्यंतचं उस्मानाबाद) हा तुमचा तळ. मुंबई-पुण्याकडून रात्रीची लातूरची रेल्वे धरली तर सकाळी धाराशिवला उतरता. सोलापूरहून यायला एसटी भरपूर, कारण सोलापूर–छत्रपती संभाजीनगर हा महामार्ग धाराशिववरूनच जातो. तुळजापूरला देवीला येणाऱ्यांसाठी तर धाराशिव तासाभराच्या आतलं. तुळजापूर करून परत फिरणारी हजारो माणसं तेरपासून एवढ्या जवळून जातात आणि तेर त्यांच्या गावीही नसतं.

धाराशिव ते तेर विसेक किलोमीटर. एसटी जाते. सकाळी स्टँडवर पोहोचलात की फळ्यावर न बघता चौकशीच्या खिडकीवर विचारा, कारण फळा आणि गाडी यांचं नेहमीच जमतं असं नाही. त्याच वेळी परतीची शेवटची गाडीही विचारून घ्या. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत. आधारकार्ड जवळ असू द्या. लातूरहून येणाऱ्यांनी बार्शीच्या रस्त्याने ढोकी गाठावं, तिथून तेर जवळच. जुनी माणसं 'तेरढोकी' असं एका दमात म्हणतात ते यामुळेच.

स्वतःची गाडी असेल तर उत्तम, पण ती गावात आत घालू नका. गल्ल्या अरुंद आहेत, समोरून ट्रॅक्टर आला की पन्नास माणसं तुम्हाला गाडी मागे कशी घ्यायची ते शिकवायला लागतात. बाहेर सावलीत लावा आणि पायी चला.

पिशवीत काय हवं: पाण्याची बाटली, टोपी, छोटी बॅटरी (देवळाच्या गाभाऱ्यात आणि संग्रहालयाच्या कपाटांच्या कोपऱ्यांत उपयोगी), जाड पायमोजे, आणि जमलं तर भिंग. पायमोजे कशाला? देवळाच्या आवारातली फरशी दुपारी तव्यासारखी तापते आणि चपला बाहेर काढाव्या लागतात. भिंग कशाला ते पुढे येईलच. स्वच्छतागृहाचं मात्र धाराशिवलाच उरकून निघा. यावर जास्त लिहीत नाही, समजून घ्या.

पहिला टप्पा: त्रिविक्रमाचं देऊळ, सकाळीच

तेरला उतरल्यावर पाय आपोआप समाधीकडे वळतात. वळू देऊ नका. आधी "त्रिविक्रमाचं देऊळ कुठं?" विचारत जा. विचारताना समोरच्या म्हाताऱ्याला "बाबा" किंवा "मामा" म्हणा, आणि "रामकृष्ण हरी" म्हणून सुरुवात केलीत तर तो तुम्हाला दारापर्यंत सोडायला येईल.

देवळासमोर आल्यावर घाईने आत जाऊ नका. पुढचा मंडप नंतरचा आहे, त्यात फार रमायचं कारण नाही. बाजूने चालत मागे जा. मागची भिंत सरळ नाही, अर्धगोल वळलेली आहे. वर बघा: छप्पर हत्तीच्या पाठीसारखं, किंवा आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर छकड्याच्या टपासारखं, गोल. या आकाराला गजपृष्ठाकृती म्हणतात.

हा आकार तुम्ही आधी पाहिलाय. अजिंठ्याचं, वेरूळचं, कार्ल्याचं चैत्यगृह, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनेचं लेणं, आठवा. तिथं डोंगर आतून कोरून हेच रूप काढलंय, त्यामुळे ते फक्त आतून दिसतं. ज्या लाकूड-विटांच्या इमारती बघून कोरणाऱ्यांनी ती लेणी कोरली, त्या इमारती मात्र काळाच्या ओघात जवळपास सगळ्या नाहीशा झाल्या. तेरची उभी राहिली. बाहेरून प्रदक्षिणा घालता येईल असं, विटांचं, इतकं जुनं चैत्य देशात बोटांवर मोजण्याइतकंच उरलंय. आंध्रातल्या चेजर्लाचं कपोतेश्वराचं देऊळ हे दुसरं प्रसिद्ध उदाहरण. मूळ हे बौद्ध चैत्यगृह असावं असं अनेक अभ्यासक मानतात. आज आत विष्णू आहे, एक पाय वर उचललेला, बळीच्या यज्ञात तीन पावलांत त्रिभुवन मोजणारा त्रिविक्रम. मूर्तीसमोर बॅटरी लावायची असेल तर पुजाऱ्यांना विचारून लावा.

गिलावा आणि रंगांच्या थरांखाली विटा बऱ्याच ठिकाणी झाकल्या आहेत. जिथं उघड्या आहेत तिथं थांबा आणि त्यांचा आकार बघा. आपल्या घराच्या विटेपेक्षा केवढ्या तरी मोठ्या. तेरच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात अशी ख्याती आहे, आणि त्यात चमत्कार नाही. मातीत धान्याचा भुसा कालवून वीट पाडली की भट्टीत भुसा जळून जातो, त्याची जागा पोकळ राहते, वीट हलकी होते. वरच्या गोल छपराचं ओझं पेलायला ही हलकी वीट कामाची. पण म्हणून भिंतीतली वीट नखाने कोरून बघू नका. मी एकाला असं करताना पाहिलंय, चांगला शिकलेला माणूस होता.

बसायला जागा बघून पंधरा मिनिटं तिथंच काढा. सकाळी माणसं नसतात.

दुसरा टप्पा: संग्रहालय, आणि इथं घाई केली तर सगळं फुकट

रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय. गावातले लोक 'म्युझियम' म्हणतात, तसंच विचारा. यामागची हकिकत वस्तूंइतकीच मोठी आहे. रामलिंगप्पा लामतुरे हे याच गावचे. पावसानंतर टेकाडांवरून मणी वाहून यायचे, धाब्याच्या घरांसाठी लोक पांढरीची माती खणायचे तेव्हा नाणी, बाहुल्या निघायच्या. दुसऱ्यांच्या लेखी तो कचरा होता. लामतुऱ्यांनी तो आयुष्यभर गोळा केला आणि मग सगळा संग्रह शासनाला दिला. पदवीधर पुराणवस्तुतज्ज्ञ गावात यायच्या आधी गावचं काम गावातल्या माणसाने करून ठेवलं होतं.

आत शिरल्यावर सगळ्या कपाटांसमोरून एकदा भरभर चालत जा. मग परत या आणि फक्त या चार-पाच गोष्टींसमोर थांबा.

पहिल्या, मातीच्या बाहुल्या. सातवाहन काळातल्या, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या, पांढुरक्या बारीक मातीच्या, काही बोटाएवढ्या. आता भिंग काढा. केशरचना बघा, कानातलं बघा, गळ्यातले सर मोजा. पुढचा आणि मागचा असे दोन साचे करून ते जोडायची पद्धत होती. कडेला नीट बघितलं तर सांध्याची रेघ सापडते. एकदा ती रेघ सापडली की पुढची प्रत्येक मूर्ती तुम्ही वळवून बघायला लागता, आणि तास कसा गेला कळत नाही.

दुसरे, मणी. शंखाचे, काचेचे, रंगीत दगडांचे. काहींचं भोक इतकं बारीक की सुई जाईल की नाही शंका यावी. पेरिप्लसमधलं कापड कधीच कुजून गेलं, मलमलीचा एक धागा कुठं मिळायचा नाही. व्यापाराचा पुरावा म्हणून हे मणी उरले.

तिसरी, रोमशी नातं सांगणारी खापरं आणि पदकं. रोमन नाण्यांची नक्कल करून इथल्या कारागिरांनी मातीची पदकं केली, गळ्यात घालायला. म्हणजे सोन्याचं परवडत नव्हतं, पण फॅशन तर करायची होती. हे वाचून मला आपल्याकडच्या जत्रेतल्या पिवळ्या पोतीच्या माळा आठवल्या.

चौथं, हस्तिदंत. तेरला हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली आहे. हिची बहीण कुठं असेल? इटलीत पाँपेईमध्ये. व्हेस्युव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली इ.स. ७९ मध्ये ते शहर गाडलं गेलं आणि १९३८ साली तिथल्या एका घरात अशाच धाटणीची भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तशीच एक आपल्याच जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाली. तेर, भोकरदन आणि पाँपेई असा त्रिकोण नकाशावर काढून बघा. मूर्ती कुठल्या दालनात आहे ते तिथल्या कर्मचाऱ्यांना सरळ विचारा. विचारणारा माणूस आला की त्यांनाही बरं वाटतं, आणि जे पाटीवर नाही ते ते सांगतात.

शेवटची, उत्तरेश्वर देवळाची कोरीव लाकडी द्वारशाखा. मराठवाड्याच्या हवेत, वाळवीच्या राज्यात इतकं जुनं लाकूड टिकणं हेच नवल. ज्या देवळाची ही चौकट, ते विटांचं उत्तरेश्वर गावातच आहे. वेळ असेल तर दारानंतर घरही बघून या.

फोटोचा नियम दारातच विचारून घ्या. आणि मुलं बरोबर असतील तर त्यांना आधीच एक काम द्या: "सगळ्यात लहान वस्तू शोधून काढ." माझ्या पुतणीने तांदळाएवढा मणी शोधला होता, तो आजही तिच्या बोलण्यात असतो. मोठ्यांनी वाचून दाखवलेल्या पाट्या ती केव्हाच विसरली.

तिसरा टप्पा: जेवण

तेर हे हॉटेलांचं गाव नाही. चहा, भजी, मिसळ मिळेल, जेवणाची खानावळ मिळेलच असं धरून चालू नका. धाराशिवहून निघताना दशम्या, धपाटे, शेंगाची चटणी बांधून घेतलीत तर नदीकाठच्या झाडाखाली जेवणासारखं सुख नाही. जानेवारी-फेब्रुवारीत ज्वारी हुरड्यावर आलेली असते. रस्त्याकडेच्या शेतात आगटी पेटलेली दिसली तर थांबून राम राम घाला. विकत मागू नका, शेतकऱ्याला ते चमत्कारिक वाटतं. नुसतं "हुरडा लागलाय का, मालक?" एवढं विचारा. पुढचं ते बघतील.

चौथा टप्पा: पांढरीची टेकाडं

संग्रहालयानंतरच, आधी नाही. आधी गेलात तर बाभळी आणि ढेकळं दिसतील. नंतर गेलात तर तुमची नजर तयार झालेली असते आणि पायाखाली खापरं दिसायला लागतात: लाल, काळी, एखादं चकचकीत झिलईचं. उतारावर माती वाहून गेली असेल तिथं थरांच्या रेघाही दिसतात, राखेचा एक करडा पट्टा, त्यावर विटांचा चुरा, त्यावर पुन्हा माती. कुणाची तरी चूल, मग कुणाची तरी पडलेली भिंत. विसाव्या शतकात इथं अनेकदा उत्खननं झाली. सातवाहन काळातल्या विटांच्या स्तूपाचे अवशेषही निघाले. पण गावावर गाव बसलेलं असल्यामुळे बरंच काही अजून खालीच आहे.

वाट शेतातून जात असेल तर मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. पीक उभं असेल तर बांधावरून चला.

आणि आता मुद्द्याचं. काहीही उचलायचं नाही. खापराचा तुकडासुद्धा नाही. पुराणवस्तूंचा कायदा १९७२ पासून आहे, तो एक भाग झाला. दुसरा भाग असा की खापर जिथं पडलंय तिथं ते काहीतरी सांगतं, तुमच्या शोकेसमध्ये ते नुसतं खापर होतं. फोटो काढा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून काढा म्हणजे आकार कळतो, आणि तिथंच ठेवा. एखादं पोरगं मूठ उघडून "साहेब, जुना मणी, घेता का?" म्हणालं तर त्याच्यावर ओरडू नका. त्याला एवढंच सांगा की हा म्युझियममध्ये नेऊन दे, लामतुरेआजोबांनी असंच केलं होतं. विकत मात्र घेऊ नका. एकाने घेतला की दुसऱ्या दिवशी दहा पोरं टेकाड उकरतात.

पाचवा टप्पा: गोरोबाकाका, दिवस कलताना

उन्हं उतरली की तेरणेकाठी समाधी मंदिराकडे या. ही नदी पुढे मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. पात्रात पाणी किती ते पावसावर.

गोरा कुंभार तेराव्या-चौदाव्या शतकातले, नामदेव-ज्ञानेश्वरांच्या मेळ्यातले वयाने वडील, म्हणून सगळ्यांचे 'काका'. समाधी शके १२३९, म्हणजे इ.स. १३१७ ची मानतात. चिखल तुडवताना भजनात भान हरपलं आणि पायाखाली तान्हं लेकरू आलं, ही कथा घराघरात माहीत आहे. मला तेरच्या संदर्भात दुसरी जास्त जवळची वाटते. संतमंडळी जमलेली, मुक्ताबाईने थापटण्याकडे बोट दाखवून विचारलं, हे कशाला? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते बघायला. मग माणसंही बघा की, ती म्हणाली. काकांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर हाणलं. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे कुरकुरले. "हे मडकं कच्चं," काका म्हणाले. नामदेव रुसून पंढरपूरला गेले, आणि तिथून गुरूच्या शोधात औंढ्याला विसोबा खेचरांकडे. म्हणजे कच्चं ठरलेलं मडकं भाजायलाही मराठवाड्यातच आलं.

दिवसभर विटा, साचे, खापरं बघून झाल्यावर ही गोष्ट इथं ऐकली की वेगळी लागते. बाहुल्यांचा साचा जोडणारा सातवाहन काळातला कुंभार आणि थापटणं घेतलेले काका यांच्यामध्ये बाराशे वर्षं आहेत, पण माती त्याच नदीची. गावात काकांचं घरही दाखवतात. जवळच विटांचं जुनं काळेश्वराचं देऊळ आहे, ते चुकवू नका. समाधीकडे आलेले शंभरातले नव्वद जण त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत.

हरिपाठाच्या वेळी तिथं असाल तर मागच्या बाजूला बसा. कुणी टाळ हातात दिला तर नाही म्हणू नका, वाजवता येत नसेल तरी.

दुसरा दिवस हाताशी असेल तर

मुक्काम धाराशिवला करा, तेरला राहायची सोय शोधत बसू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी शहराजवळच्या डोंगरातली धाराशिव लेणी. मूळ बौद्ध की जैन यावर एकोणिसाव्या शतकातल्या बर्जेस या पुरातत्त्वज्ञाच्या काळापासून वाद आहे, तुम्ही मूर्ती बघून आपलं मत बनवा. तिकडे जाताना सोबत माणूस असावा, एकट्याने जाण्याची जागा नाही.

दुपारी येडशीचं रामलिंग. दरीत देऊळ, भोवती अभयारण्य, आणि माकडं. हातात पिशवी दिसली की ती तुमची राहत नाही. पावसाळ्यात इथला धबधबा बघायला अख्खा जिल्हा लोटतो, हिवाळ्यात शांत असतं. येडशी-ढोकीच्या मधे कसबे तडवळे लागतं. फेब्रुवारी १९४१ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथं महार-मांग वतनदार परिषदेसाठी आले होते. निजामाच्या राज्यात, आडवळणाच्या या गावात. रस्त्यावरून जाताना पाच मिनिटं थांबाच.

परतीची गाडी धाराशिवहून असेल तर स्टँडजवळ गुलाबजाम घ्या. भूम-परांड्याकडच्या खव्याचे असतात, शेजारच्या जिल्ह्यातून लोक खास येतात. फक्त पाकासकट पिशवीत घेऊ नका. घरून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणा आणि तो उभाच धरून बसा. माझ्या एका शर्टावर अजून डाग आहे.